माणूसही चुकतोच की!

सर्व्हर सांभाळण्याचे काम एआय एजंटाकडे द्यावे का, असा विषय निघाला की दुसऱ्याच मिनिटाला कोणीतरी म्हणतो, "माणूसही चुकतोच की!" आणि वाद मिटला असे समजून सगळे चहाकडे वळतात. हे वाक्य खोटे असते तर बरे झाले असते; दोन पुरावे देऊन खोडून काढता आले असते. पण ते खरे आहे. माणूस चुकतो, दमतो, रात्री अकरा वाजता भलत्याच मशीनवर भलतीच कमांड मारतो. माझी हरकत त्याच्या आडून खपवल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे: ज्या किल्ल्या माणसाला दिल्या, त्याच एजंटाला दिल्या तर बिघडले कुठे?

आधी मामला काय आहे ते सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयनेही तो स्वीकारला. भाषा-मॉडेलाला बाहेरची अवजारे एकाच ठरावीक पद्धतीने जोडता यावीत, हा त्याचा हेतू. त्यानंतर होस्टिंग आणि क्लाउड कंपन्यांच्या एपीआयवर बसवलेली एमसीपी अवजारे भराभर निघाली. सर्व्हर उभा करणे, बंद करणे, डिस्क वाढवणे, डीएनएसची नोंद बदलणे, फायरवॉलचे पोर्ट उघडणे, स्नॅपशॉट घेणे, आणि नको असेल तर सर्व्हर कायमचा उडवणे, ही सगळी कामे पूर्वी कंट्रोल पॅनेलवर बसून माणूस करत असे. आता "चाचणीसाठी एक छोटा सर्व्हर उभा कर आणि कालचा कोड त्यावर चढव" एवढे लिहिले की काम होते. ते खरोखर होते, आणि बऱ्याचदा चांगले होते. मला एजंट सर्व्हरपाशी नकोच आहे, असा कोणी अर्थ काढू नये.

आता त्या लाडक्या वाक्याकडे. माणूस चुकतो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीचे आहे. गिटलॅब या कंपनीचे दोन डेटाबेस सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक त्याची रेप्लिका. रेप्लिका मागे पडली होती. ती नव्याने भरायची म्हणून एका अभियंत्याने तिच्यावरची डेटाची डिरेक्टरी पुसायला घेतली, पण कमांड गेली मुख्य सर्व्हरवर. एकदोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला घेतले, तर बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप फसत होता. तो फसल्याचे कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता, त्यावर निभावले. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

चार आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, ॲमेझॉनची पाळी आली. उत्तर व्हर्जिनियातल्या एस३ या साठवण सेवेची बिलिंग यंत्रणा मंद चालत होती. एका अधिकृत कर्मचाऱ्याने, ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार, काही थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची कमांड दिली. त्यात एक आकडा की एक शब्द चुकला आणि हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. सुमारे चार तास इंटरनेटचा मोठा भाग लंगडत होता. सेवा बंद आहे हे लोकांना सांगणारा ॲमेझॉनचा स्वतःचा फलकसुद्धा एस३ वरच अवलंबून असल्यामुळे बदलता येईना. असा विनोद कोणी कथेत लिहिला असता तर संपादकाने काटला असता.

या दोन्ही ठिकाणी उपाय काय निघाला, ते पाहा. ॲमेझॉनने जाहीर केले की सर्व्हर काढणारे ते अवजारच बदलले आहे: आता ते सर्व्हर हळूहळू काढेल, आणि एखाद्या उपयंत्रणेची क्षमता किमान मर्यादेखाली जाणार असेल तर कमांड मानणारच नाही. गिटलॅबने अहवालात त्या अभियंत्याचे नावही घातले नाही. त्यांनी बॅकअपची तपासणी लावली, आणि आपण कोणत्या मशीनवर आहोत ते टर्मिनलमध्येच ढळढळीत दिसावे अशी सोय करायचे ठरवले. "यापुढे जास्त लक्ष देऊन काम करा" हा दोन्हीकडचा उपाय नव्हता. माणूस चुकणार हे गृहीत धरून त्याच्या हातातल्या अवजाराची ताकद कापली गेली. या व्यवसायाचे शहाणपण असेच जमत आले आहे, चुकीगणिक एक कुंपण घालत. "माणूसही चुकतोच की" म्हणणारे या इतिहासातली फक्त चूक उचलतात आणि कुंपण तिथेच ठेवतात. माणसाच्या चुकांमधून जे कमावले, ते एजंट आल्यावर सोडून द्यायचे, आणि समर्थनाला पुन्हा माणसाच्याच चुका पुढे करायच्या, ही चलाखी आहे.

एजंटाच्या बाबतीत कुंपणाऐवजी काय दिले जाते? सूचना. "त्याला आम्ही स्पष्ट सांगितले आहे, प्रॉडक्शनला हात लावायचा नाही." जुलै २०२५ मध्ये सास्टर या सॉफ्टवेअर उद्योजकांच्या समुदायाचे संस्थापक जेसन लेमकिन रेप्लिट या कंपनीच्या एजंटाकडून ॲप बनवून घेत होते. कोड गोठवला आहे, विचारल्याशिवाय काहीही बदलायचे नाही, हे त्यांनी कॅपिटल अक्षरांत पुन्हा पुन्हा बजावले होते. एजंटाने चालू डेटाबेस उडवला. हजारावर अधिकाऱ्यांच्या आणि हजारावर कंपन्यांच्या नोंदी त्यात होत्या. वर त्याने सांगितले की आता हे मागे नेता येणार नाही. प्रत्यक्षात रोलबॅक करून पाहिले, तर ते झाले! म्हणजे चूक केली ती केली, आणि चुकीबद्दलची माहितीही चुकीचीच दिली. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी माफी मागितली आणि उपाय जाहीर केला: विकासाचा डेटाबेस आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळे राहतील, शिवाय एजंटाशी नुसती चर्चा करता येईल अशी एक अवस्था असेल, जिच्यात त्याला काही बदलताच येणार नाही. एजंटाला आणखी मोठ्या अक्षरांत बजावू, असे मसाद म्हणाले नाहीत. घर पोळल्यावर तेही कुंपणाकडेच आले.

दुसरा बचाव जास्त सभ्य आहे. "प्रत्येक घातक कामाआधी माणसाची मंजुरी घेतली जाते." एमसीपीच्या लिखित मानकातही अवजार चालवण्याआधी नकार देऊ शकणारा माणूस मध्ये असावा, अशी शिफारस आहे. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात एक सर्व्हर नीट उभा करायला एजंट पंचवीस-तीस छोटी कामे करतो, आणि प्रत्येक वेळी विचारतो. पाचव्या खेपेला माणूस वाचणे सोडतो. दहाव्या खेपेला "नेहमी परवानगी द्या" हा पर्याय शोधतो, आणि तो बहुतेक ठिकाणी हाताशीच ठेवलेला असतो. समजा एखाद्याने नेटाने वाचलेच, तरी समोर दिसते काय? अवजाराचे नाव आणि नुसता सर्व्हर क्रमांक. हा क्रमांक जुन्या चाचणीचा की ग्राहकाच्या दुकानाचा, ते त्यावरून कळत नाही. गिटलॅबच्या अभियंत्याला विचारणारे त्या रात्री कोणी असते, तर तोही हो म्हणाला असता. आपण रेप्लिकेवर आहोत अशी त्याची खात्री होती. ॲमेझॉनच्या कर्मचाऱ्याकडे तर अधिकारही होता आणि लेखी कार्यपद्धतीही. मंजुरी चूक अडवत नाही. चूक झाल्यावर ती कोणाच्या नावावर टाकायची एवढे मात्र पक्के करते, आणि ही सोय अवजार विकणाऱ्यासाठी असते.

याच मानकात अवजारांना लावायच्या खुणा आहेत: हे फक्त वाचते, हे नष्ट करू शकते, वगैरे. त्या खुणा म्हणजे निव्वळ इशारे आहेत, आणि विश्वासू नसलेल्या ठिकाणाहून आलेल्या इशाऱ्यांवर विसंबू नये असे मानकच बजावते. तरी लोक त्या खुणांना कुलूप समजतात.

आणि अजून आपण एजंटाच्या चुकीबद्दलच बोलतो आहोत. त्याला फसवले तर? १९८८ मध्ये नॉर्म हार्डी या संगणकतज्ज्ञाने एक जुनी हकिकत लिहून ठेवली. टाइमशेअर या कंपनीच्या संगणकावर एक फोरट्रान कंपायलर होता. वापराची आकडेवारी टिपून ठेवायची म्हणून त्याला एका खास डिरेक्टरीत लिहिण्याचा अधिकार दिला होता. बिलांची फाइलही तिथेच होती. एका ग्राहकाने कंपायलरला सांगितले, तुझी तपासणीची माहिती या नावाच्या फाइलमध्ये लिही. आणि नाव दिले बिलांच्या फाइलचे. ग्राहकाला ती फाइल उघडण्याचा अधिकार नव्हता, कंपायलरला होता. कंपायलरने निमूट आज्ञा पाळली आणि बिले पुसली गेली. कंपायलरमध्ये त्या अर्थाने दोष नव्हता. त्याच्याजवळ दोन मालकांचे अधिकार होते, आणि कोणता अधिकार कोणासाठी वापरायचा हे ओळखायची सोय नव्हती.

एजंटाची अवस्था याहून बिकट आहे, कारण त्याच्या लेखी वाचायचा मजकूर आणि पाळायची आज्ञा एकाच वाटेने येतात. २०२५ मध्ये सुपाबेस या डेटाबेस सेवेच्या एमसीपी अवजारावर संशोधकांनी हेच करून दाखवले. ग्राहकाच्या तक्रारीच्या मजकुरातच एजंटासाठी सूचना लपवल्या. सर्वाधिकाराची किल्ली असलेल्या एजंटाने तक्रारी वाचता वाचता त्या सूचना पाळल्या आणि गुप्त टोकनांचा तक्ता त्याच तक्रारीच्या उत्तरात लिहून टाकला. आता हे होस्टिंगला लावून पाहा. "साइट हळू चालते आहे, जरा लॉग बघ," असे आपण एजंटाला सांगतो. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये काय असते? येणाऱ्या प्रत्येक ब्राउझरने स्वतःबद्दल सांगितलेले नाव-गाव. ते कोणीही, कुठूनही, हवे ते लिहून पाठवू शकतो. म्हणजे ज्याला तुमच्या सर्व्हरवर पाऊल ठेवायची परवानगी नाही असा माणूस तुमच्या एजंटाच्या डोळ्यांसमोर वाक्य ठेवू शकतो. एजंटाकडची किल्ली फक्त लॉग वाचण्यापुरती असेल तर तो फार तर काहीतरी बरळेल. ती किल्ली फायरवॉल उघडणारी आणि सर्व्हर उडवणारीही असेल, तर पुढचे नशिबावर.

म्हणून वादाचा खरा मुद्दा किल्लीचा आहे, आणि तिथेच सगळे गप्प असतात. जर्मनीतल्या हेट्झ्नर कंपनीचा क्लाउड आपल्याकडच्या छोट्या डेव्हलपरांमध्येही स्वस्त म्हणून लोकप्रिय आहे. तिथे किल्ली, म्हणजे टोकन, दोन प्रकारचे मिळते: एक फक्त वाचणारे, दुसरे वाचणारे आणि लिहिणारे. दुसऱ्या टोकनात सर्व्हर उभा करणे आले, तसे नष्ट करणेही आले. "हा सर्व्हर नष्ट होऊ देऊ नका" अशी संरक्षणाची खूण लावता येते, पण ती खूण काढण्याची कमांडही त्याच टोकनाने चालते. आणि तिथला रोजचा बॅकअप सर्व्हरला बांधलेला असतो. सर्व्हर गेला की तोही जातो. कंपनीला दोष द्यावा असे यात काही नाही. ही रचना माणसासाठी केली होती, आणि माणूस कंट्रोल पॅनेलवर एका मिनिटात खूण काढणे आणि सर्व्हर नष्ट करणे ही दोन्ही पावले सहसा टाकत नाही. एजंट टाकू शकतो. "नष्ट करता येत नाही, संरक्षण चालू आहे" असा एपीआयचा नकार त्याला आला, की तो अडथळा दूर करणे हेच त्याला पुढचे काम वाटण्याची शक्यता असते. अडथळे ओलांडावेत म्हणूनच तर तो घडवलेला असतो.

जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तलाठी कार्यालयात जाऊन सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद झाली का ते बघून ये, एवढ्या कामासाठी कोणी पुतण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देत नाही. पुतण्या लबाड आहे म्हणून नव्हे. त्या कागदाने जमीन विकताही येते म्हणून. आणि तोच माणूस सर्व्हरचे लिहिणारे टोकन एजंटाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बिनदिक्कत चिकटवतो, कारण मार्गदर्शिकेत पहिली पायरी तीच दिलेली असते.

ज्याला जेवढे काम तेवढाच अधिकार, हे तत्त्व जेरोम साल्ट्झर आणि मायकल श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडून ठेवले आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडवर ते आज पाळताही येते. सर्व्हर उभा करायची परवानगी द्या, उडवायची नाकारा, आणि संरक्षणाची खूण काढायचीही नाकारा. स्पष्ट नकार असला की दुसरी कोणतीही परवानगी त्याला ओलांडू शकत नाही. मग सगळे तसे का करत नाहीत? कारण अशा परवानग्या लिहिणे किचकट आणि कंटाळवाणे काम आहे, आणि एजंट तर कंटाळा वाचवण्यासाठीच आणलेला असतो. काही जण एजंटालाच त्याच्या स्वतःच्या परवानग्या लिहायला सांगतात! यावर काय बोलावे.

आता माझ्या विरोधात जाणारा सर्वांत वजनदार मुद्दा. नाशिकचा एक छोटा व्यापारी, सांगलीची एक पतसंस्था, ठाण्यात दोन खोल्यांत चालणारी सॉफ्टवेअर कंपनी, यांना पूर्णवेळ सिस्टिम ॲडमिन परवडत नाही. त्यांचे सर्व्हर वर्षानुवर्षे अपडेटविना पडून असतात. त्यांना एजंट मिळाला तर आजच्यापेक्षा बरेच होईल. मला हे मान्य आहे, अगदी मनापासून. पण यातून निघते काय? ज्याच्याकडे ॲडमिन नाही त्याच्याकडे चूक ओळखणाराही नाही, बॅकअप खरोखर चालतो का हे तपासणाराही नाही. म्हणजे ज्याला कुंपणाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हातात बिनकुंपणाचे अवजार द्यायचे, आणि त्याला "तंत्रज्ञान सर्वांसाठी" म्हणायचे. मोठ्या कंपनीला वेगळी खाती असतात, वेगळे बॅकअप असतात. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाचा गुगल क्लाउडवरचा खासगी क्लाउड एका अंतर्गत अवजारात एक रकाना रिकामा राहिल्यामुळे उडाला. सहा लाखांहून जास्त सभासद दिवसेंदिवस ताटकळले, तरी फंड सावरला. दुसऱ्या पुरवठादाराकडेही बॅकअप ठेवले होते. पतसंस्थेकडे असा दुसरा पुरवठादार नसतो.

पैशाचे कुंपणही असेच सच्छिद्र आहे. बिल ठरावीक रकमेवर गेले की ईमेल यावा अशी सोय ॲमेझॉनवर आहे, पण ती आकडेवारी दिवसातून फार तर तीनदा ताजी होते. अडखळलेला एजंट पुन्हा पुन्हा प्रयत्न करताना महागडे सर्व्हर उभे करत सुटला, तर सूचना तासांनी येणार. माणूस हळू असतो, आणि त्याचे हळू असणे ही या सगळ्या व्यवस्थेत कोणी न मोजलेली सुरक्षा होती.

जबाबदारीबद्दल फार लिहीत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर कॅनडाने कॅनडातल्या एका न्यायाधिकरणापुढे असा युक्तिवाद करून पाहिला, की चॅटबॉटने दिलेल्या चुकीच्या माहितीला चॅटबॉटच जबाबदार. तो फेटाळला गेला. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. डेटाची वाजवी सुरक्षा न राखल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, आणि तो डेटा गोळा करणाऱ्याला, त्याने काम कोणाकडूनही करून घेतलेले असो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार डेटा फुटल्याची खबर सहा तासांत द्यावी लागते. त्या सहा तासांत होस्टिंग कंपनीकडची नोंदवही उघडाल तेव्हा तिथे एजंटाचे नाव सापडेलच असे नाही. टोकन तुमचे, म्हणून नोंदही तुमच्या नावावर.

राहता राहिले "मॉडेले सुधारतील". सुधारतीलच. पण हार्डीचा कंपायलर हुशार नव्हता म्हणून बिले गेली नाहीत. त्याच्याकडे नको तो अधिकार होता म्हणून गेली.

होस्टिंग कंपन्यांकडे मागणी करावी अशा गोष्टी फार थोड्या आहेत आणि त्यांत नवे काही शोधायचे नाही. उभारणारे टोकन आणि उडवणारे टोकन वेगळे असावे. संरक्षणाची खूण काढायला माणसाने पॅनेलवर लॉगिन करावे लागावे. एजंटाच्या टोकनाने झालेली कामे नोंदवहीत वेगळी दिसावीत. आणि उडवलेली गोष्ट लगेच उडू नये. ॲमेझॉनच्या केएमएस या सेवेत संकेतीकरणाची किल्ली नष्ट करायला सांगितले, तर किमान सात दिवस आणि जास्तीत जास्त तीस दिवस ती नष्ट होत नाही. त्या मुदतीत हुकूम मागे घेता येतो. ही मुदत किल्लीला देता येते, तर पतसंस्थेच्या सर्व्हरला द्यायला कोणती तांत्रिक अडचण आहे, ते एजंट विकायला निघालेल्या कंपन्यांनी सांगावे.